राखून ठेवलेला गुलमोहर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हे सांगताना माझं डोकं अजून तापतं.

बिबवेवाडीत माझं साड्यांचं दुकान. चित्रकला कुणी शिकवली नाही. साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर गिरवत हात बसला. काढायचो झाडंच, पण कॅलेंडरात बघून. मध्यंतरी कळलं, विदर्भातल्या एका अभयारण्यात चित्रकाराला महिनाभर राहायला बोलावतात. खोली, जेवण आणि भोवती जंगल. साठी जवळ आली, म्हटलं एकदा तरी झाडाखाली बसून झाड काढू. अर्जासोबत चित्रं पाठवायची होती.

आता मला सांगा, साडीवाला आधी काय दाखवतो? साधा माल. भारी साडी कधी निघते? गिऱ्हाईक गादीवरून उठायला लागलं की. तीस वर्षं हेच केलं. म्हणून कॅलेंडरवाली सहा झाडं पाठवली. आमच्या गल्लीतला गुलमोहर तोडत होते, तेव्हा समोर फुटपाथवर बसून एक चित्र काढलं होतं. माझं सगळ्यात भारी. ते ठेवलं कपाटात.

आठवड्याने त्यांची ईमेल आली, आणखी काही काम असेल तर पाठवा. ही म्हणाली, "अहो, गुलमोहर पाठवून टाका."

मी तिलाच सुनावलं, तुला धंद्यातलं काय कळतं, गिऱ्हाईक गळाला लागलंय. आणि त्यांना लिहिलं, माल भरपूर आहे, समक्ष बघायला या.

पुढची ईमेल नकाराची!

असा भडकलो की थेट फोन लावला. निवड करणाऱ्या बाईच फोनवर आल्या. पाच मिनिटं त्यांना झापलं. गुलमोहराचं भारी चित्र कपाटात आहे, ते न बघता उठता, कलेतलं कळतं का काही, वगैरे वगैरे. बाई म्हणाल्या, ते चित्र आत्ता पाठवा. पाठवलं. त्यांनी लगेच उघडून बघितलं.

"काका, हे आधी का नाही पाठवलंत? आम्ही मागितलं होतं की."

"तुम्ही उठायला लागलात की दाखवणार होतो."

"आम्ही उठून गेलो, काका. खोली दुसऱ्यांना दिली."

आता राग काढायचा कुणावर? आमच्याकडून गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नाही, अशी फुशारकी मारणारा मी. आणि इथे गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने "आणखी दाखवा" म्हणत असताना मी शटर ओढून आत बसलो. असल्या दुकानाची पायरी मी स्वतः चढलो नसतो.