डोलकाठीवरची वहिनी

सगळ्यात लांबच्या बेटावर कप्तानाने एक बाई ठेवली आहे, ही बातमी आमच्या धक्क्यावर पहिल्यांदा कोणी आणली ते मी सांगणार नाही. मीच आणली असं काही जण म्हणतात. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

पण पुरावा होता ना! भाड्याने यॉट घेऊन बेटं बघायला येणाऱ्या पाहुण्यांना कप्तान घेऊन निघाला की त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, सोबत. जिला पूर्वी धक्क्यावर उभं राहूनही मळमळायचं, ती एकाएकी दर सफरीला स्वयंपाकीण म्हणून हजर. बरं, स्वयंपाक तरी करावा! बेट जवळ आलं की चूल विझवून ही यॉटच्या पुढच्या टोकाला उभी. नजर किनाऱ्याकडे, पापणी लवत नाही. आता बाई एवढं काय शोधत असते?

कप्तान दिसायला मात्र शाळेतल्या कारकुनासारखा. बटणं गळ्यापर्यंत, बोलणं मोजकं. यॉट मालकाची. मालकाची अट एकच: तळाला ओरखडा आला की त्या दिवशी चाक सोडायचं. सव्वीस वर्षांत ओरखडा नव्हता. चाकाखेरीज त्या माणसाला दुसरं काही येतही नव्हतं. घरातला खिळा वहिनी ठोकायची.

लांबच्या बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे आणि तिला गल्लीएवढी एकच फट. तिथून सकाळीच आत शिरायचं, ऊन पाठीवर असताना. तेव्हा पाणी रंगाने बोलतं. गडद निळं म्हणजे खोल, हिरवं म्हणजे जपून, तपकिरी म्हणजे खाली खडक.

त्या खेपेला एका दातांच्या डॉक्टरने आठ दिवसांसाठी यॉट घेतली होती. बरोबर बायको आणि दोन मेव्हण्या. इंजिन खोकत होतं म्हणून मीही होतो. आधीच्या बेटावर डॉक्टर शिंपले वेचत बसले. "कॅप्टन, पाचच मिनिटं!" असं करत दोन वाजवले. फटीपाशी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. सूर्य थेट समोर, पाण्याची नुसती परात चकाकत होती. मागून वारा वाढलेला. बाहेर थांबावं तर नांगर तळाला पोचेना, इतकं खोल.

"अगं, पुढे हो," कप्तान म्हणाला.

टोकावर डॉक्टर कॅमेरा घेऊन उभे. "वहिनी, तुम्ही चहा टाका. मी बघतो ना!"

"साहेब, तिला जागा द्या."

"कॅप्टन, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायको डोळ्यासमोरच लागते?"

मेव्हण्या खिदळल्या. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. कप्तान हसला नाही. चाकावरची त्याची बोटं पांढरी पडली होती.

वहिनी डॉक्टरांकडे गेलीच नाही. तिने पदर खोचला, चपला भिरकावल्या आणि सरळ डोलकाठीवर चढली. पन्नाशीची बाई! मधल्या आडव्या दांड्यावर पाय रोवून तिने एक हात वर केला. मेव्हण्यांचं हसू बंद झालं.

यॉट आत सरकू लागली. वहिनीचा हात उजवीकडे गेला, कप्तानाने चाक उजवीकडे दिलं. हात सरळ, चाक सरळ. तो पाण्याकडे बघतच नव्हता. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, दात विचकल्यासारख्या.

मग हात हवेतच थांबला.

"काय गं?"

"ऊन डोळ्यात जातंय. थांबा."

"थांबता येत नाही. ओढ आहे पाण्याला."

"मग हळू... हळू... अहो, डावीकडे! डावीकडे घ्या!"

त्याने चाक गरकन फिरवलं. उजव्या अंगाला, माझ्यापासून हातभर, एक तपकिरी धूड सरकत गेलं. पायाखाली कर्रर्र झालं. मग एकदम शांत, काचेसारखं पाणी. आत आलो होतो.

"कसला आवाज हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"इंजिन," मी म्हणालो. "म्हातारं झालंय."

पाहुणे किनाऱ्यावर उतरल्यावर मी बुडी मारून पाहिलं. तळाला वीतभर ओरखडा. वर येऊन कप्तानाच्या कानाशी लागलो, "रंग मारून देतो. मालकाच्या बापाला कळणार नाही."

"तो खडक तुला दिसला होता?"

"तो? अरे, आंधळ्यालासुद्धा दिसला असता!"

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातला टॉवेल खाली टाकला.

"रंग नको मारूस," कप्तान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सूर्य डोक्यावर आल्यावर, वहिनी पुन्हा पुढच्या टोकाला उभी राहिली आणि आम्ही बाहेर पडलो. धक्क्यावर यॉट बांधली, तसा कप्तान मालकाकडे गेला, ओरखडा सांगितला, किल्ली टेबलावर ठेवली. वहिनी परत कधी होडीत बसली नाही. धक्क्याने लगेच निकाल दिला: बायकोने चाक सोडायला लावलं, तेव्हा कुठे त्याची ती बेटावरची बाई सुटली.

त्या बेटावर बाई नव्हती. कप्तानाला डोळ्यांचा आजार होता. चार वर्षं त्याला निळं, हिरवं आणि तपकिरी एकसारखंच राखाडी दिसत होतं, आणि पाणी वहिनी वाचत होती.