वन्संचं इंग्रजी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, लेकीला नाही. देवापुढं हात जोडले तेव्हाही ओठांतल्या ओठांत दुसरंच काहीतरी पुटपुटले. मग तुम्हालाच का सांगायला बसले — ते मलाही नीट कळत नाही. मघाशी उठून आत गेले, उगाच डबे पुसले, पुन्हा येऊन बसले. आता बोलतेच, नाहीतर राहूनच जाईल.

माहेर माझं अमरावतीचं. तिथं इंग्रजी चौथीपर्यंत शिकले आणि मग अकोल्याला दिलं मला. सासरी इंग्रजी येणारी बाई मी एकटीच, आणि त्याचा मला तोरा होता. होताच — खोटं कशाला बोलू? हे शाळामास्तर. मामंजी, म्हणजे सासरे, भिक्षुकी करत. ओसरीवर सकाळ-संध्याकाळ त्यांच्या शिष्यांची संथा चाले. अर्थ कुणी विचारायचा नाही. स्वर चुकला की छडी. सासूबाई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या.

आणि वन्सं. माझी नणंद — माझ्याहून लहान, पण मानानं मोठी, म्हणून तोंडावर अहो-जाहो, मनात मात्र मी तिला एकेरीच म्हणत आले. अकोटला दिली होती. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला भावाच्या दारात आणून सोडलं. तेव्हापासून सासूबाईंचं उठवणं-बसवणं, धुणं, दळण, पाणी — सगळं तिच्या अंगावर. मी काय करत होते? पोळ्या लाटत होते, आणि इंग्रजी येतं म्हणून मिरवत होते.

अमरावतीच्या मुलींच्या एका शाळेत तेव्हा अशा बायकांना शिकवून मास्तरीण करायचे. राहणं-जेवण तिथंच, पुढं नोकरी, हातात स्वतःचा पगार. थोडं इंग्रजी समजलं पाहिजे, एवढीच अट. हे मला म्हणाले, "तू शिकव तिला. जन्म तरी मार्गी लागेल बिचारीचा."

शिकवलं मी. मनापासून शिकवलं — हेही खरंच आहे, आणि त्यानंच जास्त लाज वाटते. दुपारी तुरीची डाळ निवडता निवडता माय, युवर, हिज, हर. मला जसं शिकवलं होतं तसंच — घोका म्हटलं. पण तिला घोकणं पटेना. 'त्याची बहीण' म्हणायला गेलं की तोंडून 'हर सिस्टर' निघायचं. आपल्याकडच्या सगळ्यांचंच निघतं, माझंही निघायचं. ती थांबायची. म्हणायची, "वैनी, हे कावून होते, थे सांगा न मले." असं का होतं, ते मला तरी कुठं ठाऊक होतं? मी म्हटलं, "चुकतं सगळ्यांचं. पाठ करून टाका."

दुसऱ्या दिवशी पिठाचे हात घेऊन धावत आली. "समजलं मले! आपन वस्तूकडं पायतो — त्याचा भाऊ, त्याची बहीण. थे लोक मालकाकडं पायतात. मालक बाई का बुवा, बस! मंग वस्तू गाय असो का गाडगं!"

आनंदानं चेहरा कसा फुलला होता तिचा. आणि मी? इतकी वर्षं शाळेत बसले, कधी विचारलं नाही मी. आणि हिनं कणीक मळता मळता शोधून काढलं. मग काय, घरभर तेच सुरू — हिज पगडी, हर चूल, अवर विहीर. एकदा जेवताना हे हसून म्हणाले, "तुझ्याही पुढं गेली की गं ही!" मीही हसले. तव्यावरची पोळी करपली त्या दिवशी.

उन्हाळ्यात त्या शाळेच्या मोठ्या बाई अकोल्याला आल्या. पुण्याच्या होत्या, फार मऊ बोलायच्या. लेकीनं परीक्षेला बाहेर जायचं नाही, ही मामंजींची अट. म्हणून बाईच घरी आल्या. ओसरीवर संथा चालू होती. बाईंनी सहज विचारलं, "या मुलांना अर्थ सांगता का हो?" मामंजी म्हणाले, "अर्थाचं काय काम? आमच्या घरात सारं मुखोद्गत लागतं." मी पाहिलं, बाईंना ते आवडलं नव्हतं.

माजघरात वन्संला बसवलं. बाई वस्तू दाखवत गेल्या, ती सांगत गेली. एकही चुकली नाही. मग बाई म्हणाल्या, तुमच्या मनानं एखादं वाक्य करा. वन्सं जराशी थांबली. पदर सारखा केला आणि इंग्रजीत म्हणाली — माझा नवरा त्याच्या दुसऱ्या बायकोबरोबर राहतो, मी माझ्या आईजवळ राहते.

बाईंनी तिच्याकडं पाहिलं ते मला अजून दिसतं. पसंत केली होती त्यांनी तिला. तेवढ्यात आतून सासूबाई कण्हल्या, आणि ती उठून त्यांना कुशीवर वळवायला गेली.

मी पन्ह्याचा पेला पुढं केला. बाईंनी हळूच विचारलं, "ते शेवटचं वाक्य त्यांनी स्वतः केलं ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. काय जात होतं माझं? तर — सांगते काय जात होतं. ती गेली असती तर सासूबाईंचं मला करावं लागलं असतं. हे मी स्वतःला कैकदा सांगून पाहिलं, कारण कामाला भ्याले म्हणणं त्यातल्या त्यात बरं दिसतं. पण तसं नव्हतं. ती मास्तरीण होऊन दिवाळीला घरी येईल, आणि हे तिच्याशी इंग्रजीत बोलतील, आणि मी चुलीपाशी असेन — हे मला दिसलं, आणि सोसलं नाही.

मी म्हटलं, "नाही हो. ते वाक्य माझं. सगळं माझ्याकडून पाठ केलंय त्यांनी. या घरात पाठच करतात सगळं."

बाईंनी पेला खाली ठेवला. "मग कठीण आहे," म्हणाल्या. "मला पोपट नकोत."

त्या गेल्यावर वन्सं बाहेर आली, हात पदराला पुसत. "काय म्हनल्या बाई?" मी तिच्या डोळ्यांत पाहून — हो, डोळ्यांत पाहून — सांगितलं, "तुमचा उच्चार नाही आवडला त्यांना. गावठी वाटला."

एक खोटं पुरलं नव्हतं मला!

रडली नाही ती. रोज जात्यावर बसून तेच ते शब्द घासत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात बाईंची वाट पाहिली. त्या आल्या नाहीत, येतील कशाला? मग ती इंग्रजी बोलायचीच थांबली. सासूबाईंचं केलं, माझी बाळंतपणं केली. माझ्या मुलांना इंग्रजी तिनंच शिकवलं — पाटीवर लिहून, बोट ठेवून. उच्चार म्हणून तोंडातून काढायची नाही. मुलं खोदून विचारायची तेव्हा म्हणायची, "थे आईले विचारा. माही जीभ जड हाये."

माझी लेक मोठी झाली आणि अमरावतीला त्याच शाळेत तिचं नाव घातलं. पोचवायला मी जायला हवं होतं. माझी छाती झाली नाही. डोकं दुखतं म्हणून पडून राहिले आणि वन्संला पाठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून गाडीनं परत आली, उन्हानं लाल झालेली. पाय धुतले, पाटावर बसली, आणि हसत हसत सांगायला लागली. तिथं नव्या बाई होत्या, पोरीचं सगळं तिला इंग्रजीत विचारत होत्या. "समदं समजलं मले, वैनी. शब्द न् शब्द. पन तोंड नाही उघडलं. म्हटलं, माह्या उच्चारापायी पोरीची लाज नको जायला."

घरात दुसरं कुणी नव्हतं. ती पुढ्यात बसली होती. तेव्हा सांगता आलं असतं.

मी ताटात भात वाढला, त्यावर वरण घातलं आणि म्हटलं, "जेवा आता, वन्सं."