एक जागा दमते

कुणी "दमले बाई" म्हटलं की ती मान किंचित तिरकी करायची आणि विचारायची, "कुठे?"

आपण दमलो म्हणतो ते काही चौकशी व्हावी म्हणून म्हणत नाही. समोरच्याने "हो ना" म्हणावं, पाण्याचा तांब्या पुढे करावा, एवढंच आपलं मागणं. तिला ते कधी कळलं नाही. अख्खं अंग दमलंय असं सांगून सुटका होत नसे. "अख्खं अंग कधी दमत नाही," ती म्हणायची. "एक जागा दमते, आणि मग ती बाकीच्यांना सांगत सुटते. ती जागा शोधा." आणि खरोखरच शोधायला लावायची. आधीच मोडून आलेल्या माणसाने डोळे मिटून आपल्याच मानेत, कमरेत, पोटऱ्यांत हिंडून यायचं, ही काय शिक्षा आहे ती तुम्हीच करून बघा.

रत्नागिरीत मुलींच्या शाळेत आम्ही दोघी नोकरीला होतो. मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम नुकती ओसरली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी मराठी आणि शिवण शिकवायची. ती बी.ए. झालेली, म्हणून इंग्रजी तिच्याकडे. आणि दुसरं कुणी घेईना म्हणून कवायतही तिच्याकडे. गावाने इंग्रजी विसरून तिला कवायतबाई करून टाकली. आमची घरं शेजारीशेजारी, मध्ये कमरेइतका चिऱ्यांचा गडगा. नवरा गेल्यावर भावाकडे राहून मी मास्तरीण झालेली. ती वडिलांच्या आजारासाठी पुण्याहून परत आलेली. तिचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही ते विचारायला गेलेल्यांना तिने "तुमचं काय दुखतं?" असं विचारून परत पाठवलं होतं.

तिच्या तासाला मुली नुसतं एक-दोन, एक-दोन करीत नसत. आधी ती त्यांना गप्प उभं करायची. "सकाळी विहिरीवरून कळशी आणलीत ना? कुठच्या खांद्याला अजून आठवते आहे?" असले तिचे प्रश्न. एकदा एका मुलीचे वडील, कोर्टात कारकून होते, ते तक्रार घेऊन आले. "आमची पोर घरी आईला विचारते, दळताना तुझं नेमकं काय दुखतं. आता हिची आई जात्यापाशी बसते नि विचार करते. पीठ कोण काढणार?" तिने त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "आणि लिहिताना तुमचं?" गृहस्थ अर्धा तास बसले. मानेपासून सुरुवात करून साहेबापर्यंत पोचले. जाताना तक्रार शाळेतच विसरून गेले.

आमच्या खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात, बांगडेवाली माशांची पाटी उतरवायची. तिलाही हिने सोडलं नाही. "कुठे दमलीस?"

"कुठं म्हून काय इचारतस बाय?" ती फणकारली. "घोव माझा घरात बसून ऱ्हातो, तितं दमलंय मी!"

आम्ही हसून हसून बेजार. कवायतबाई मात्र हसता हसता मध्येच थांबली. "उत्तर बरोबर आहे गो तिचं," मला म्हणाली. "दमायची जागा आपल्याच अंगात असली पाहिजे, असं कुठाय?"

तर या सगळ्याचं एक शास्त्र आहे, आणि विलायतेत बायकांना ते शिकवणारं कॉलेज आहे, हे तिला पुण्यात एका मिशनरी बाईंकडून कळलं होतं. हाडं, सांधे, स्नायू. माणूस उठतो कसा, चालतो कसा, ओझं उचलतो कसा, आणि आडवा झालेला माणूस पुन्हा उभा करता येतो का. बी.ए.च्या पुढे तिला हे शिकायचं होतं. दुसरं काही नाही. एम.ए. कर म्हणून सांगणाऱ्यांना ती म्हणे, "शेक्सपिअरला काही झालेलं नाही. तो बरा आहे."

गावाला हा विषय म्हणजे फुकटची करमणूक. "चालायला शिकायला विलायतेला? आम्हाला आईने बोट धरून शिकवलं हो, एका वर्षात!" तिने तरी गावाची तोंडं बंद होतील असं वागावं? छे. हालचालीचं शास्त्र शिकायला निघालेली ही बाई आमची पाखाडी उतरताना रोज त्याच एका पायरीला ठेचकाळायची. मी म्हटलं, निदान एवढी पायरी तरी शिकून घे. तर म्हणाली, "दुसऱ्याच्या पायांकडे बघत उतरते ना मी."

तिचे वडील, अप्पा, शिरस्तेदार होते. पेन्शन घेतली आणि वर्षाच्या आत अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू इतका सुधारला की काठी टेकत पडवीपर्यंत येत. हात मात्र गेला तो गेलाच, असं डॉक्टर म्हणाले होते. तिने डॉक्टरांचं ऐकलं नाही. रोज सकाळी शाळेआधी ती अप्पांच्या बाजेशी बसायची, डाव्या हाताने बाजेची कड धरून. उजव्या हाताने खोबरेल चोळायची, मग त्यांचा हात वर उचलून धरायची आणि म्हणायची, "आता तुम्ही." अप्पा दात-ओठ खात. हात थरथरत तिथेच क्षणभर थांबे. दोन वर्षांनी तो हात आपला आपण पानाच्या तबकापर्यंत पोचला, तेव्हा तिने शेजारीपाजारी गूळखोबरं वाटलं. मी इतकी खुशीत तिला कधी बघितली नाही.

त्याच सुमाराला मुंबईच्या एका फंडाने तिला विलायतेच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. तिने "पुढच्या वर्षी येते" म्हणून कळवलं. फंडवाले भले, एक वर्ष थांबले. पण आणखी थांबणार नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"जा ना गो," मी तिला गडग्यावरून म्हणत होते. "आत्या आहेत घरात, आम्ही आहोत शेजारी."

"आत्या भात वाढतील. हात कोण हलवील? चार महिने हा हात नुसता पडून राहिला ना, तर त्याचं लाकूड होईल. मग मी तिकडून ब्रह्मदेवाचं शास्त्र शिकून आले तरी उपयोग नाही."

ती हे बोलली तेव्हा अप्पा आत पडवीत होते. त्यांचे कान काही उजव्या बाजूबरोबर गेले नव्हते.

पुढच्या ज्येष्ठात अप्पांचा हात थांबला. ती उचलून धरायची, "आता तुम्ही" म्हणून सोडायची, आणि हात सरळ खाली पडायचा. मी पुष्कळदा समोर असे. बघवत नसे. अप्पाच वर थट्टा करीत. "राहू दे गो. लाकडाला तेल लावून पालवी फुटत नाही. त्यापेक्षा ते तेल माशाच्या कढीत तरी घाल." डॉक्टर आले, या वयात असं व्हायचंच म्हणाले. आत्यांनी देवाला कौल लावला. तीही दिवसेंदिवस गप्प होत गेली. ज्या घरात रोज "आता तुम्ही, आता तुम्ही" ऐकू यायचं, त्या घरातून नुसता पागोळ्यांचा आवाज येऊ लागला. शाळेत तिचे तास चालू होते, पण मुली दमलो म्हणाल्या तर ती "बसा" म्हणायची. एवढंच.

नागपंचमीला गडग्याशी येऊन म्हणाली, "मी जाते."

मी म्हटलं, "जा. सकाळचं मी करीन. निदान तेल तरी चोळीन."

मला वाटलं, हिने आशा सोडली. वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

पावसाळ्यामुळे बंदर अजून उघडलं नव्हतं, आगबोटी बंद. तेव्हा मोटारीने घाटावर कोल्हापूर आणि तिथून आगगाडी. निघताना ती अप्पांच्या पाया पडली. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. उजवा मांडीवर पडून होता. "उत्तम चालायला शिकून ये," अप्पा म्हणाले, "म्हणजे त्या पायरीवर ठेचकाळणार नाहीस." कुणी रडलं नाही. आत्याही नाही.

हातखंब्याला माझी मावशी होती, म्हणून तिथपर्यंत मी तिच्याबरोबर गेले. तिथे मोटार थांबली. पाऊस नुसता भुरभुरत होता. आम्ही एका छपराखाली चहा घेतला.

मग ती म्हणाली, "अप्पांचा हात पडत नाही गो. ते पाडतात."

"पाडतात?" मी विचारलं.

"लुळा हात धोंड्यासारखा पडतो. खाली काय आहे ते त्याला कळत नाही. मी बाजेची कड धरून बसते ना, अप्पांचा हात खाली येताना माझ्या बोटांपाशी जरासा सावरतो. बाजूला होतो. मला लागू नये म्हणून."

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि तरी..."

"दोन महिने बसवलं त्यांनी ते सोंग. म्हातारपणी, एकट्याने. मी काय सांगू त्यांना, अप्पा, जमलं नाही?" तिने कप खाली ठेवला. "गेल्यावर परत हलवतील. तू बस त्यांच्यापाशी. तुझ्यापुढे सोंग करणार नाहीत." मग पाठ छपराच्या खांबाला टेकून डोळे मिटले. "दमले गो मी."

इतक्या वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. तिचाच प्रश्न तिला विचारला. "कुठे?"

ती शोधायला लागली. खरंच. मान, खांदे, पाठ, सगळीकडे जाऊन आल्यासारखी.

"अप्पांच्या हातात," ती म्हणाली.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. घाट उजेडात चढायचा होता. ती मोटारीत चढली आणि खिडकीतून तिने फक्त मान हलवली.

मी दुसऱ्या दिवशी परतले, आणि सकाळीच खोबरेलाची वाटी घेऊन अप्पांकडे गेले. मनात म्हटलं, आता यांची चांगली फिरकी घ्यायची. बाजेची कड धरून बसले, तिच्यासारखीच. "अप्पा, सोंग पुरे. पोरगी घाट चढून गेली."

अप्पा चमकले. "तिला कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

म्हातारा लहान पोरासारखा हसला. "माझीच ती," म्हणाले. "तरी गेली ना? झालं तर मग! चला शेजारीणबाई, आता बघा." आणि त्यांनी दात-ओठ खाल्ले.

हात हलला नाही. ते पुन्हा दात-ओठ खाऊन बघू लागले, कपाळाची शीर वर आली, घाम सुटला. हात मांडीवर होता तसाच. दोन महिने त्यांनी त्याला पडायला शिकवलं होतं, आणि तो शिकला होता. मी तो उचलून वर धरला. "आता तुम्ही," म्हटलं, आणि सोडला. हात आला तो थेट माझ्या बोटांवर आपटला. बोटं बाजेच्या लाकडावर चेचली गेली.

"लागलं का गो?" अप्पांनी विचारलं. आणि मग त्यांनाच कळलं, आपण काय विचारलं ते. तोंड भिंतीकडे करून ते म्हणाले, "तिला सांगू नका."

मी रोज सकाळी जात राहिले. बोटं काढून घेता आली असती, पण काढली नाहीत. वाटायचं, एक दिवस सावरेल. दुसऱ्या वर्षी ऐन उन्हाळ्यात अप्पा गेले, तोवर सावरला नाही.

शिकून आल्यावर ती गावात एकदाच आली, दोन दिवस. मुंबईला एका इस्पितळात तिची जागा ठरली होती. लंगडी, लुळी माणसं उभी करायचं काम. पुढेही तिने तेच केलं, आणि या गावात पुन्हा काही आली नाही. ती आली तेव्हा आत्या खेडला भाच्याकडे गेलेल्या, घराला कुलूप. ते काढून आम्ही दोघी आत गेलो. गादी काढलेली बाज तशीच होती. ती बसली आणि सवयीने तिचा डावा हात बाजेच्या कडेवर गेला.

"शेवटपर्यंत सावरायचा का गो?"

"सावरायचा," मी म्हटलं. "शेवटपर्यंत."

तिने मान किंचित तिरकी केली. मला वाटलं, आता काहीतरी विचारणार. मीच घाईने म्हटलं, "बस घटकाभर. चढण चढून दमले मी."

तिने माझा हात जवळ ओढला. बोटं उलटी-सुलटी करून बघितली, आणि एकेक पेर हळूहळू चोळत बसली. कुठे, ते तिने विचारलं नाही.