होडीच्या फटीतला कापूस

लोक भुसावळला येतात ते गाडी बदलायला. आमच्या ह्यांना मात्र इथं शिडाची होडी बांधायची हौस आली. रेल्वेच्या क्वार्टरमागं, भर वैशाखात! आणि पोहता तर अजिबात येत नव्हतं. मी किती डोकं फोडलं! “अहो, निदान आधी पोहायला तरी शिका.” तर म्हणायचे, “अगं, बुडणारी होडी बांधायची असती तर शिकलो असतो.” अशा माणसापुढं काय बोलणार, कपाळ!

फळीला फळी लागत गेली. मांजरपाटाचं शीड मीच शिवलं, पण मला घास गिळवेना. सारखं डोळ्यांपुढं यायचं, हे पाण्यात आणि मी काठावर. शेवटी फळ्यांमधल्या फटींत कापूस भरायचं काम माझ्याकडं आलं. वरून डांबर लागणार होतं. कोकणातल्या एका सहकाऱ्यानं ह्यांना बजावलं होतं, तेच ह्यांनी मला बजावलं, “हलक्या हातानं भर. लाकूड पाण्यात फुगतं, त्याला जागा हवी.”

लाकूड फुगतं हे मला कुणी शिकवायचं? माझं माहेर असोद्याचं. उन्हाळ्यात आमच्याकडं बैलगाडीची चाकं पाण्यात घालून ठेवत. लाकूड फुगलं की ते चाकाभोवतीच्या लोखंडी धावेत असं बसे की हलायचं नाव नाही. म्हटलं, फुगेल तेवढं चांगलंच, पाणी शिरायलाच नको. हे ड्यूटीवर गेले की मी छिन्नी-हातोडी घेऊन कापूस ठासायची. एक थर, त्यावर दुसरा, वर तिसरा. जीव मुठीत धरून ठासत होते मी.

तापीच्या डोहात होडी एक दिवस काठाशी बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी आत थेंब नाही! ह्यांचा आनंद गगनात मावेना. शीड सोडून निघाले. डोहाच्या मधोमध गेले आणि काडकन आवाज झाला. फुगलेल्या फळ्यांना जागा उरली नव्हती, आणि त्यांना आवळून धरायला चाकासारखी धाव थोडीच होती! खिळे उपटून एक फळी बाहेर आली, होडी कलली. “माय वं!” एवढंच माझ्या तोंडून निघालं. हे डोलकाठीला मिठी मारून ओरडत होते. मग ओरडणंही थांबलं. नदीपात्रात टरबुजं लावणाऱ्या एका आबांनी उडी टाकली, म्हणून माझं कुंकू राहिलं.

बरे झाल्यावर हे ज्याला त्याला सांगत सुटले, “खिळे बारीक पडले. चूक माझीच.” मी गप्प. खरं सांगून तोंड कुठं लपवू? पण पुन्हा फळ्या आल्या, जाड खिळे आले, आणि एका सकाळी ह्यांनी कापसाचं गाठोडं माझ्यापुढं ठेवलं. “तूच भर. तुझा हात चांगला बसतो.”

माझ्या हाताचा मलाच भरवसा नव्हता, भीतीपोटी तो पुन्हा ठासणारच. गप्प राहिले तर हा माणूस पुन्हा बुडणार.

“खिळ्यांचा दोष नव्हता,” मी म्हटलं. “तुम्ही नको म्हणालात तरी कापूस मी ठासून भरला होता.”

त्यांच्या हातातली हातोडी खाली पडली. “म्हणजे मला मारायला निघाली होतीस?”

“वाचवायला हो, वाचवायला!” मी ओरडले.

गाठोडं उचलून ते मागं घेऊन गेले आणि दुपारपर्यंत एकटेच कापूस भरत बसले. उन्हात घामाघूम झालेले पाहून मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला. त्यांनी तो हातात घेतला, आत नीट वाकून पाहिलं, आणि मग प्यायले.