लिफ्टमनकाकांचा व्यायाम

लिफ्टमनकाकांची सगळी नोकरी लिफ्टमधल्या स्टुलावर बसून झाली. जिन्याशी त्यांचं कधी जमलंच नाही. आता लेकीनं घर घेतलं तेही चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. नातीला भेटायला निघालेले काका दुसऱ्या मजल्यावरूनच धापा टाकत परतले. म्हणून त्यांनी लाकडी खोकं मांडून टीव्हीवर स्टेप एरोबिक्सचा व्हिडिओ लावला. तोही तरबेज मंडळींचा, कारण नवशिके म्हणवून घ्यायला हे कुठले तयार!

पडद्यावरची बाई गिरकी घेत पलीकडे उतरली. काका थेट कपाटावर आदळले.

"अहो, ती बघा कुठे पोचली!" काकू फिदीफिदी हसल्या.

"पोचू दे. तिला कुठे चौथ्या मजल्यावर जायचंय?"

काकांनी गिरक्या सोडल्या आणि व्हिडिओ संपला तरी खोक्यावर नुसतं चढणं-उतरणं चालूच ठेवलं.