खांबाआडचा हात

गेल्या महिन्यात चाकणच्या बाजारात आमच्या गावचा गाडीवान भेटला. बैल सोडता सोडता म्हणाला, "मास्तर, तुमचा भिवा गेला." 'तुमचा' म्हणाला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं...

भिवाजी महारवाड्यातले. त्यांच्यातला एक जण शाळा समितीत घ्यावा असा वरून हुकूम आला, म्हणून घेतलेले. शाळा देवळात भरायची, समितीची बैठकही तिथंच, आणि भिवाजींना आत मज्जाव. ते धुतलेला कोट घालून सगळ्यांच्या आधी येत आणि बाहेर लिंबाखालच्या चपट्या दगडावर उभे राहत. त्यांची नात देवळाच्या उघड्या पायरीवर बसून बाराखडी गिरवायची. पाऊस लागला की तिची शाळा बंद.

मी हेडमास्तर, म्हणून समितीचा चिटणीस. हात मोजायचं काम माझं. सोसायटीच्या मोकळ्या वखारीत शाळा हलवावी, असा ठराव एका पावसाळ्याच्या तोंडी भिवाजींनी बाहेरूनच मांडला. आत बाजूनं तीन हात, विरुद्ध तीन. मी अध्यक्ष आबांकडे पाहिलं. आबा तंबाखू मळत म्हणाले, "भाईरचं काय दिसत न्हाई बुवा. खांब आडवा येतोय." मी तीन-तीन लिहिलं. मग अध्यक्षांचं जादा मत पडलं आणि शाळा देवळातच राहिली.

बैठक उठली तरी भिवाजींचा हात वरच होता. "मास्तर, माजा हात मोजला न्हाई व्हय?"

"खांब आड आला हो," मी म्हटलं.

"बरं."

एवढंच. चिडले असते, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. पण हा बाबा पुढच्या बैठकीला पुन्हा हजर, पुन्हा हात वर. नात मात्र त्या पावसाळ्यानंतर शाळेत आलीच नाही. शेण्या थापताना दिसायची, मी रस्ता बदलायचो.

परवा त्यांची शोकसभा झाली, तीही देवळातच. यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्यांचा मुलगा बाहेर त्याच दगडावर उभा होता. आबांनी सवयीनं दुखवट्याचा ठराव मताला टाकला. आतले हात मोजले आणि काय वाटलं कोण जाणे, मुलाचा हात मोजायला मी बाहेर गेलो. त्यानं मला दगडावर जागा करून दिली.

तिथून मी पहिल्यांदाच आत पाहिलं. खांब पार एका बाजूला होता. आबांचं तोंड, त्यांची तंबाखूची चंची, माझी रिकामी जागा... सगळं लख्ख दिसत होतं. आतून आम्हाला त्यांचा हात दिसतो, हे भिवाजींना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि तरी ते मला "बरं" म्हणाले होते.