सिद्धाप्पाचा अंगठा आणि खिल्लारसाहेबाचा परवाना

कुंभारीच्या सिद्धाप्पाला लोकरीनं शिंका यायच्या. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेली, दाराशी दीडशे डोकी, आणि हा गडी मेंढरू अंगाला घासलं की आठ-आठ, दहा-दहा शिंका द्यायचा. कातरणीच्या दिवसांत तर डोळे सुजून बंद व्हायचे. बापानं अंगारे-धुपारे केले, भंडारा लावला, अक्कलकोटला नेऊन स्वामींच्या पायावर घातला. शिंका काही हटल्या नाहीत. शेवटी बाप वैतागला. म्हणाला, "धनगराला लोकर सोसंना, मग ह्याला ठिवायचा तरी कुटं? जा बाबा सोलापुरात. गिरणीत बघ काय जमतंय का."

गिरणीत कापसाच्या तुसानंही तेच झालं. मग त्याला रंगखात्यात ढकललं. रंगखात्यात कोणी राजीखुशीनं जात नसे. वर वाफ, खाली चिखल, अंगावर कायम कुठला ना कुठला रंग. बायकासुद्धा नवऱ्याला ओळखायच्या त्या चालीवरून, तोंडावरून नाही. सिद्धाप्पा मात्र तिथं रमला. ओल्या जागी शिंका नाहीत, हे एक कारण. दुसरं कारण असं, की दीडशे काळ्या मेंढरांतून आपलं एक लांबून ओळखणाऱ्या घरातला तो डोळा होता. काळ्यात किती काळे असतात ते धनगराला विचारावं, कारकुनाला विचारू नये.

एकोणीसशे पंचवीस साली गिरणीनं परदेशातून रंगमास्तर आणला. माणूस स्वित्झर्लंडचा, नाव केलर. सहा फूट उंच, पांढराफेक, मान पुढं काढून चालायचा. पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणालं, "खिल्लार बैल हाय की ह्यो!" झालं, केलरचा खिल्लारसाहेब झाला. त्याला हे कळलं तेव्हा तो आधी जनावरांच्या बाजारात जाऊन खिल्लार बैल बघून आला, आणि परत आल्यावर म्हणाला, "बैल चांगला आहे. चालेल."

रंगाच्या धंद्यात गुपित राखायची जुनी रीत. पुड्या मिसळताना उस्ताद पाठ फिरवायचा आणि मरताना गुपित बरोबर घेऊन जायचा. हा साहेब उलटा निघाला. तो सगळं समोर करायचा, आणि सिद्धाप्पानं विचारलं नाही तर त्याला रागच यायचा. हौदात कातडं खाणारा कॉस्टिक सोडा किती आहे हे बघायला साहेबाकडं काचेची एक नळी होती. पाण्यात सोडली की ती तरंगायची आणि आकडा दाखवायची. सिद्धाप्पा हौदात अंगठा आणि बोट बुडवून एकमेकांवर घासायचा. किती बुळबुळीत लागतं, त्यावरून सांगायचा, "पाच शेर कमी हाय." नळीही तेच सांगायची. साहेब पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा नळी पुसून पुन्हा बुडवली, आणि तिसऱ्यांदा त्यानं सिद्धाप्पाला रंगखात्याचा मुकादम केलं.

साहेब एकटाच होता. गिरणीमागं दोन खोल्यांच्या बंगलीत राहायचा. सिद्धाप्पाची बायको तानाबाई त्याला शेळीचं दूध द्यायला जायची. ती भाकरी आणि शेंगांची चटणीही नेऊ लागली, कारण "मान्सानं नुसता पाव खाऊन जगायचं म्हंजे काय?" मराठी तो तिच्याकडूनच शिकला. त्यामुळं साहेब बोलायला लागला की अस्सल कुंभारीचं बोलायचा. गिरणीचे हेडक्लार्क वेणीमाधवराव, पुण्याचं शिक्षण झालेले, 'नाही' म्हणा, 'नाही' म्हणा, असं त्याच्या मागं लागले. साहेब म्हणायचा, "न्हाय जमत." तिकडं त्याच्या देशात त्याची एक बहीण होती, ती वर्षातून एक पत्र पाठवायची. तिकडच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या होत्या. एकदा तो तानाबाईला म्हणाला होता, "म्या मेलो की हितंच पुरा. हितली माती ऊनऊन हाय." तिनं त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं, तिन्हीसांजेला असलं बोलतात का म्हणून.

परदेशी माणसाला इथं राहायचं तर कामापुरता परवाना लागे, आणि तो दर वर्षी नवा करावा लागे. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा जवळ आली की वेणीमाधवराव इंग्रजीत टाइप केलेला एक कागद घेऊन रंगखात्याच्या दारात उभे राहायचे. आत यायचे नाहीत, धोतराला डाग पडतो. "सिद्धाप्पा, साहेबांच्या राहण्याचा कागद आहे. कर अंगठा." सिद्धाप्पा हात धुऊन, कपाळाला लावून, अंगठा करायचा. कुंभारीला गेला की पारावर छाती काढून सांगायचा, "सरकारला माजा अंगटा लागतोय, तवा सायेब ऱ्हातोय. थट्टा न्हाय!" आणि हे अगदी खरं होतं. कागदात काय लिहिलंय, हे मात्र त्यानं कधी विचारलं नाही, आणि त्याला कोणी सांगितलंही नाही.

असे आठ कागद सुरळीत गेले. नववा अडला. सात रस्ता चौकाजवळच्या परवान्याच्या कचेरीत आबासाहेब नावाचे नवे अंमलदार आले होते, आणि नवा अंमलदार कागद वाचतो. त्यांनी जुने आठ आणि नवा एक असे नऊ कागद टेबलावर पसरले. नऊही कागदांवर नुसता शाईचा डाग. रेघ म्हणून एक नाही. आबासाहेबांना वाटलं, गिरणीवाले कशाने तरी ठसा उठवून सरकारला बनवतात. त्यांनी साहेब, सिद्धाप्पा आणि वेणीमाधवराव अशा तिघांनाही बोलावणं धाडलं.

सिद्धाप्पा धुवट पटका बांधून गेला. साहेबाच्या राहण्याचं काम, म्हणजे मानाचं काम. आबासाहेबांनी समोर अंगठा करायला लावला. पुन्हा नुसता डाग. त्यांनी त्याचा हात धरून उजेडाकडं फिरवला. अंगठ्याचं कातडं गुळगुळीत, घासून घासून चकचकीत झालेलं.

"रेघा कुठं गेल्या रे?"

"हौदात गेल्या, सायेब," सिद्धाप्पा म्हणाला. "रोज बुडवतोय न्हवं."

आबासाहेब हसले. माणूस वाईट नव्हता, फक्त नियमाचा होता. ते म्हणाले, "ठसा उमटत नसेल तर मजकूर मराठीत वाचून दाखवायचा आणि तोंडी कबुली घ्यायची, असा कायदा आहे. वेणीमाधवराव, वाचा."

वेणीमाधवरावांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग खाली मान घालून वाचलं, "मी, रंगखात्याचा मुकादम, लिहून देतो की, केलर यांचे काम करू शकेल असा एकही इसम या गिरणीत अथवा माझ्या माहितीत नाही. येथील कामगारांस हौदाची पारख व रंग जुळविण्याचे ज्ञान नाही, व ते त्यांस येण्यासारखे नाही."

सिद्धाप्पाला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो.

"पुन्यांदा वाचा की."

त्यांनी पुन्हा वाचलं. मजकूर तोच होता.

"नऊ वर्सं हेच हुतं व्हय?"

"ठरलेला नमुना असतो रे," वेणीमाधवराव पुटपुटले. "सगळ्या गिरण्यांत हाच. तुला सांगून काय..." आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. गिळलं ते बरं केलं.

सिद्धाप्पा साहेबाकडं वळला. "तुमास्नी ठावं हुतं?"

साहेबाचा चेहरा लालबुंद झाला होता. "व्हय," तो म्हणाला. "पयल्या वर्साला खरं हुतं. दुसऱ्याला निम्मं खरं. तिसऱ्यापास्नं म्या वाचायचंच सोडलं."

आबासाहेबांनी टेबलावर पेन आपटलं. "हे बघ सिद्धाप्पा, तुमच्या आपसातल्या भानगडी नकोत. नियम साधा आहे. हे काम येणारा माणूस इथंच असेल, तर साहेबांचा परवाना पुढं चालायचा नाही. तीन महिन्यांत त्यांनी देश सोडायचा. मजकूर खरा की खोटा, एवढंच सांग."

सिद्धाप्पाला लागलं होतं, चांगलंच लागलं होतं. पारावर मारलेल्या बढाया आठवून कानाच्या पाळ्या तापल्या. नऊ वर्षं आपण मानानं हात धुऊन, आपल्याला काही येत नाही असं लिहून देत होतो! पण समोर तो लांबुडका माणूस खुर्चीत आखडून बसला होता, चोपन्न वर्षांचा, आणि त्याला परत जायला एका बहिणीच्या पत्त्यापलीकडं काही नव्हतं.

"सांगितलं असतंत तर अंगटा दिला असता की," सिद्धाप्पा साहेबाला म्हणाला. "हसत दिला असता. फकस्त सांगायचं हुतं." मग तो आबासाहेबांकडं वळला. "लिवा सायेब. खरं हाय. मला ह्यातलं कायबी येत न्हाय."

वेणीमाधवरावांनी सुटकेचा श्वास टाकला. आबासाहेबांनी पेन शाईत बुडवलं.

साहेब उठला. त्यानं सिद्धाप्पाचं मनगट धरून तो हात टेबलावर ठेवला.

"खोटं हाय," तो म्हणाला. "माजी काचंची नळी तिसऱ्या वर्साला फुटली. म्या नवी मागिवली न्हाय. सा वर्सं समदी गिरणी ह्या अंगट्यावर चालती. लिवा."

"साहेब, तुम्हाला जावं लागेल," आबासाहेब हळूच म्हणाले.

"कळतंय. लिवा."

"न्हाय, न्हाय!" सिद्धाप्पा ओरडला. "त्येंचं ऐकू नगा! मी सांगतोय न्हवं, मला येत न्हाय!" सरकारी कचेरीत एक माणूस दुसऱ्याला शहाणा ठरवण्यासाठी आणि दुसरा स्वतःला अडाणी ठरवण्यासाठी असा हमरीतुमरीवर आलेला आबासाहेबांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिला. पण कागद साहेबाचा, जबाब साहेबाचा, आणि सहीही त्याचीच उमटणारी. त्यांनी लिहिलं, आणि नियमाप्रमाणं वाचून दाखवलं: या कामाचा पूर्ण जाणकार, सिद्धाप्पा, राहणार कुंभारी.

आपलं नाव असं सरकारी तोंडातून ऐकून सिद्धाप्पाला आनंद झाला नाही असं नाही. झाला. छातीत एकदम गरम झालं. आणि त्या आनंदाचाच त्याला इतका राग आला, की तो कचेरीच्या पायऱ्यांवर बसून लहान पोरासारखा रडला. साहेब शेजारी बसला.

तानाबाई दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. त्यानं काय करायला हवं होतं, हे तिलाही सांगता येत नव्हतं, म्हणून तर राग जास्त. तिसऱ्या दिवशी वेणीमाधवराव सिद्धाप्पाच्या चाळीत आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. दारातच उभे राहून म्हणाले, "सिद्धाप्पा, चुकलं माझं. तुला वाचून दाखवायला हवं होतं." सिद्धाप्पानं त्यांना चटई टाकून बसवलं, आणि झालं ते झालं म्हणाला. गिरणीनं महिन्याभरात सिद्धाप्पाला रंगमास्तर केलं. मालक खूश झाले. परदेशी माणसाच्या जागी गावचा माणूस म्हटल्यावर ते का खूश झाले, ते सांगायला नको.

ते तीन महिने साहेबानं त्याला नवीन काही शिकवलं नाही. शिकवायचं उरलंच नव्हतं. दोघं नुसते हौदाकाठी उभे राहायचे. साहेबानं बंगलीतला चहाची किटली आणि पेला तानाबाईला दिला, आणि तिनं त्याला एक काळं घोंगडं दिलं, तिकडं बर्फ पडतं म्हणून. ते सिद्धाप्पानं स्वतः कुंभारीहून आणलं, वाटभर शिंका देत.

चैत्रातल्या एका सकाळी मुंबईची गाडी यायची होती. स्टेशनावर अर्धं रंगखातं जमलं होतं, निळे, लाल, हिरवे हात घेऊन. साहेबाच्या गळ्यात हार पडले. तानाबाईनं बांधून दिलेल्या भाकऱ्यांचं फडकं त्यानं काखेत धरलं होतं, ते तो हमालाकडंही देईना. गाडी आली. साहेब डब्यात चढला, खिडकीतून मान पुढं काढली, आणि काय बोलावं ते न सुचून कामाचंच बोलला.

"सिद्धाप्पा, रंग बिगडला तर लिव. वेणीमाधवरावास्नी सांग, ते इंग्रजीत लिवतील."

"बिगडायचा न्हाय, सायेब."

"मला ठावं हाय," साहेब म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

शिट्टी झाली. गाडी हलली. सिद्धाप्पा खिडकीची दांडी धरून बरोबर चालायला लागला, मग पळायला लागला. पटका सुटून खांद्यावर आला होता, त्याचं त्याला भान नव्हतं.

"सायेब!" तो ओरडला. "रंग बिगडायचा न्हाय! पर बिगडला म्हनून लिवीन की! मला कायबी येत न्हाय म्हनून लिवीन! मग तरी देतील न्हवं परवाना?"